शेरा

फीत धरायचं काम माझं.
छातीच्या उंचीची काठी कापून दिली आहे, एक मीटर सदतीस,
तिच्या टोकाशी झाडाला वेढा घालायचा,
खोडामागून हात फिरवून
फितीचं टोक प्रणोतीच्या हातात द्यायचं.
येन, एकशे बारा. धावडा, अठ्ठ्याऐंशी.
मोह, मोह, परत मोह.
ती लिहिते, मी पिवळ्या रंगानं नंबर टाकते.
दिवसाचे साडेतीनशे, डबा आपला आपण.

ती सांगते, मावशी, हा धुराचा हिशेब आहे.
वीजघराच्या चिमण्यांचा, गाड्यांचा, भट्ट्यांचा.
कुठल्या झाडानं किती गिळून त्याचं लाकूड केलं
ते घेरावरून काढतात.
मी म्हटलं, मग आमच्या मोहाचं पोट मोठं.

पण रकाने मोजून सहा.
वटवाघळाला नाही.
गर चाखून टोरी इथवर आणून टाकली कुणी,
मोह काय चालत आला?
आणि वारूळ? श्रावणात सात्या उगवतात त्यावर,
गाव टोपली घेऊन धावतं,
पण खाली बारा महिने जमीन चाळून
पाण्याला उतरायच्या वाटा करणाऱ्या त्या वाळव्या,
त्यांचा घेर कुठल्या उंचीवर घ्यायचा?

आमच्या बोडीचं असंच झालं होतं.
मशीन लावून तळापर्यंत साफ केली.
गाद, चिला, देवधान, सगळं कचरा म्हणून पाळीवर.
सोसायटीनं एकाच जातीचं मत्स्यबीज सोडलं.
काठानं बेशरम माजली, जांभळी फुलं,
पाहुणे म्हणायचे, छान दिसते.
त्या मे महिन्यात पाणी कढत झालं
आणि सकाळी मासे पांढरी पोटं वर करून.

मग आम्ही बाया उतरलो, कमरेएवढ्या पाण्यात,
शेजारच्या तळ्यातून आणलेल्या जुड्या
एकेक करून चिखलात खोचत.
रोवणीच ती, फक्त हे धान कुणी कापणार नव्हतं.
तिसऱ्या वर्षी कमळपक्षी आला.
आणि तळ्यावरून येणारा संध्याकाळचा वारा,
जो तोंड भाजून जायचा,
गारवा घेऊन परत गावात शिरला.
तो कुणी मोजला नाही.
आम्ही अंगणात बाज टाकली, एवढंच.

बाज एका सुतळीनं पडत नाही.
एक तुटते, झोळ येतो.
दुसरी तुटते, माणूस कूस बदलतं.
तिसरी, सातवी, माणूस झोपेतच असतं
आणि पाठ जमिनीला टेकते.

सतरा नंबरच्या प्लॉटात येन उभा वाळलेला.
साल गळालेली, शेंडा नाही.
प्रणोती म्हणाली, मेलेलं सोडून द्या.
मी ढोलीत हात घातला
आणि म्हटलं, तुझं ते तापाचं यंत्र आण इकडं.
सडकेवर चव्वेचाळीस होतं.
सागाच्या रोपवनात,
सगळे एका वयाचे, एका उंचीचे, एकदमच उघडे पडलेले,
त्रेचाळीस.
इथं मिसळ झाडीत एकोणचाळीस.
ढोलीत चौतीस.

आत ओला भुसा, अळंबीचा वास,
पिंगळ्याची दोन पिसं,
मुंग्या अंडी उचलून पळत होत्या.
दोघी त्या आकड्याकडं बघत बसलो.
मग ती म्हणाली, आता काय लिहू?
म्हटलं, मेला म्हून नोको लिवू, बाई,
किती जन रायतेत तिथं.

शेवटचा रकाना शेरा.
तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
मला चष्म्याशिवाय दिसलं नाही.

घरी फीत पुसायला उलगडली
तर एकशे चारच्या आकड्यावर एक मुंगी,
तोंडात पांढरं अंडं, तसंच धरलेलं.
प्लॉट सतरा इथून दोन कोस.
उद्या जायचंच आहे.
तंबाखूची डबी धुतली,
बोडीच्या काठचा चिमूटभर चिखल घातला
आणि झाकणाला सुईनं भोक पाडलं.